आम्ही म्हणजे कोण

"तुम्हाला नवरे किती आहेत?" उजगरे मिसनी विचारलं.

माझी वही त्यांच्या हातात होती. ‘माझे कुटुंब’ या विषयावर मी इंग्रजीत लिहिलं होतं : माय हजबंड आर अ व्हेटर्नरी डॉक्टर. दे गेट अप अर्ली. दे ड्रिंक टी. देन दे गो टू द बुल्स.

"एकच," मी म्हटलं.

"मग सकाळी उठून वळूंकडं जातात ते कोण कोण?"

"डॉक्टर. एकटेच जातात."

"एकट्या माणसाला दे म्हणत नाहीत. ही म्हणायचं."

वर्गातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मीही हसले. "डॉक्टरांना ‘ही’ म्हणू?"

"ही म्हणजे इंग्रजीतला ‘तो’," मिस म्हणाल्या, आणि हसू थांबलं. नवऱ्याला ‘ही’ म्हणणं ही निदान गंमत होती. ‘तो’ म्हणणं म्हणजे भांडणच.

"पण मिस, मानाचं काही नाही का त्यात?"

"इंग्रजीत मान नसतो. देवालासुद्धा ही म्हणतात. तुमचे डॉक्टर देवापेक्षा मोठे आहेत काय?"

"नाहीत. पण देव रोज घरी जेवायला येत नाही."

मिसनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि लाल पेनानं सगळे ‘दे’ खोडले.

आम्ही तेव्हा सांगलीकडच्या एका दूध संघाच्या कॉलनीत राहत होतो. माझे यजमान, डॉ. सुकुमार मगदूम, संघाच्या वळूंचे डॉक्टर. संघात अधूनमधून परदेशी पाहुणे यायचे आणि आम्ही अधिकाऱ्यांच्या बायका त्यांना हार घालून नुसत्या हसत उभ्या राहायचो. ते मॅनेजर कुंभोजकर साहेबांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी आमच्यासाठी इंग्रजीचा वर्ग काढला आणि मिरजेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या सॅलोमी उजगरे मिसना बोलावलं. त्या एसटीनं यायच्या. पांढरी साडी, हातात छत्री, आणि चुकीला माफी नाही.

‘ही’चं दुखणं संपलं नव्हतं तोवर ‘आय’चं निघालं. मी ‘आय’ लहान काढायची. वाक्याच्या मधे एवढं अक्षर मोठं काढायला हात धजायचा नाही.

"आय नेहमी मोठा काढायचा," मिस म्हणाल्या. "कुठंही आला तरी."

"आणि ह्यांचा ही?"

"तो लहान. वाक्याच्या सुरुवातीला आला तर मोठा."

"म्हणजे मी कायमची मोठी, आणि हे पहिले आले तरच मोठे?"

"तशी ती भाषा आहे," मिस म्हणाल्या. मला वाटतं, हे सांगताना त्यांना थोडं बरं वाटायचं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला कुंभोजकर साहेब वर्गात आले. डेन्मार्कहून एक बाई येणार होत्या, गाईगुरांतल्या मोठ्या तज्ज्ञ. संघातल्या एका डॉक्टरला त्या शिकायला तिकडं नेणार होत्या. आमच्याकडं डॉक्टर दोन, हे आणि एक धाकटे. साहेबांच्या मनात हे होते.

"मिसेस मगदूम, तुम्ही बाईंसमोर इंग्रजीतून बोलायचं," साहेब म्हणाले. "विषय मी ठरवलाय. डॉक्टरांनी सिकंदरला धरलं, ती गोष्ट. सिकंदर त्यांच्याच देशातल्या जातीचा. एवढा वळू एका माणसानं धरला म्हटल्यावर बाई दुसरा डॉक्टर बघणारच नाहीत."

सिकंदरची गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ होती. सिकंदर म्हणजे संघाचा लाल वळू, अंगानं ट्रॅक्टरएवढा. एका दुपारी तो गोठ्याचं फाटक मोडून सुटला आणि आमच्या कॉलनीत घुसला. कामगार काठ्या घेऊन मागनं धावले. ते पोचले तेव्हा सिकंदर आमच्या दारात गप उभा होता आणि त्याच्या वेसणीचा दोर डॉक्टरांच्या हातात होता. डॉक्टरांच्या एका पायात चप्पल नव्हती. झटापटीत गेली, असं लोकांनी आपापसात ठरवलं. दर वर्षी गोष्ट थोडी वाढायची. कुणी म्हणायचं, डॉक्टरांनी नजरेनंच त्याला बसवला. कुणी म्हणायचं, शिंगं धरून मागं रेटला.

हे स्वतः मात्र फार बोलायचे नाहीत. कुणी विचारलं तर "हो, धरला आम्ही," एवढंच म्हणायचे आणि चहाच्या कपाकडं वळायचे. लोक म्हणायचे, बघा, एवढं करून गर्व नाही.

मी बाजूलाच ट्रे धरून उभी असायची. ह्यांना स्वतःला आम्ही म्हणायची सवय होती. चहा आम्ही प्यायचे, दाढी आम्ही करायचे, डोकं आमचं दुखायचं. त्यामुळं वळू आम्ही धरला म्हणजे कुणी धरला, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

उजगरे मिसना वाटलं.

मी लिहून नेलं होतं : वुई सॉ द बुल. वुई डिड नॉट रन. वुई कॉट हिम.

"वुई म्हणजे कोण कोण?"

"हे."

"पुन्हा तेच. एकटे ना? मग ही."

मी तिथंच बसून वुई खोडून ही केलं. ही सॉ द बुल. ही डिड नॉट रन. मिसनी वाचलं आणि पेन मिटलं.

"हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही बघत होता?"

"हो. घरातच होते."

"मग गोष्टीत कुठं आहात? गोष्ट सांगणारा कुठंतरी उभा असतो, बाई. दारात, खिडकीत, माडीवर. तुम्ही जिथं उभ्या होता तिथून सांगा. आय वॉज स्टँडिंग इथं इथं, अँड आय सॉ. पुढं काय दिसलं ते लिहा. जे दिसलं तेवढंच."

मी ‘आय वॉज स्टँडिंग’ लिहिलं. नंतर पेन पुढं जाईना.

"काय झालं?"

"काही नाही. घरी लिहून आणते."

रात्रीची जेवणं झाल्यावर मी ह्यांना विचारलं, "अहो, आम्ही म्हणजे कोण?"

हे बशीत बडीशेप निवडत होते. "कुठलं आम्ही?"

"सिकंदरला धरलेलं."

"आम्ही म्हणजे आम्ही."

"इंग्रजीत ते चालत नाही म्हणे. एक तर आय, नाही तर वुई, नाही तर ही. मिस विचारतात."

ह्यांनी वही मागून घेतली. ह्यांचं इंग्रजी चांगलं होतं, कॉलेज सगळं इंग्रजीतून झालेलं. बराच वेळ वाचलं, मग माझी तिन्ही वाक्यं काढून टाकून एक सुबक वाक्य लिहिलं : द बुल वॉज कॉट.

"शास्त्रीय लेखात असंच लिहितात," हे म्हणाले. "काम झालं हे महत्त्वाचं. कुणी केलं त्याला महत्त्व नसतं."

"तुम्हाला डेन्मार्कला जायचंय ना?"

"जायचंय की." ह्यांनी मिरजेहून लोकरीची कानटोपी आणून ठेवली होती. एप्रिलात ती घालून आरशात बघतानाही मी ह्यांना पकडलं होतं. "म्हणूनच म्हणतो, वाक्य असं असू दे. कुणाला काही खोटं सांगितल्यासारखं होत नाही."

मला राग आला, पण तो कशाचा आला ते तेव्हा धड सांगता आलं नसतं. मी म्हटलं, "आणि खरं?"

"खरं तुला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे," हे म्हणाले आणि बडीशेप तोंडात टाकली.

मिसनी ते वाक्य वाचलं आणि समासात लाल अक्षरात लिहिलं : बाय हूम? कुणाकडून? मी त्याचं उत्तर लिहिलं नाही. मिसनीही पुन्हा विचारलं नाही. फक्त निघताना छत्री उघडत म्हणाल्या, "हे वाक्य पळपुटं आहे, बाई. व्याकरणात बसतं, पण पळपुटं आहे."

कार्यक्रमाला संघाच्या पटांगणात मांडव घातला होता. गावोगावचे दूध उत्पादक आले होते. समोरच्या रांगेत संचालक, हे, आणि उजगरे मिस. स्टेजवर डेन्मार्कच्या कारेनबाई. उंच, उन्हानं लाल झालेल्या, हार गळ्यातून काढायचा असतो हे माहीत नसल्यामुळं तो तसाच घालून बसलेल्या. मी इंग्रजीत बोलायचं आणि कुंभोजकर साहेबांनी वाक्यावाक्याला लोकांना मराठी करून सांगायचं, असं ठरलं होतं.

सुरुवात बरी झाली. उन्हाळा होता. दुपार होती. सिकंदर सुटला. साहेब माझ्यापेक्षा जोरात होते. मी म्हटलं, द बुल वॉज बिग. साहेब म्हणाले, "साक्षात काळ समोर उभा होता."

मग मी ते वाक्य वाचलं. द बुल वॉज कॉट.

"आणि आपल्या डॉक्टर मगदूम साहेबांनी," कुंभोजकर साहेब म्हणाले, "एकट्यानं, रिकाम्या हातांनी त्याला जेरबंद केलं." टाळ्या वाजल्या. ह्यांनी मान खाली घातली. लोकांना ते फार आवडलं.

कारेनबाई पुढं वाकल्या. त्यांना मराठी कळलेलं नव्हतं, माझं वाक्य तेवढं कळलं होतं. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "बाय हूम?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे बुटाकडं बघत होते. मिस माझ्याकडं बघत होत्या, तेसुद्धा परीक्षेच्या वेळी बघतात तसं नाही. आणि त्या क्षणी मला कळलं की मला कशाचा राग येत होता. मी त्या दुपारी तिथं होते. सगळ्यात जवळ मीच होते. आणि इतकी वर्षं त्या गोष्टीत माझ्या हातात चहाचा ट्रे सोडून काही नव्हतं.

झालं होतं ते असं. सिकंदरचा गोठा आमच्या परसाच्या कुंपणाला लागून होता. मी रोज दुपारी उरलेली भाकरी त्याला कुंपणावरून द्यायची. तो माझा आवाज ओळखायचा. त्या दिवशी तो सुटला तो कुणावर चालून आलाच नव्हता, भाकरीची वेळ झाली म्हणून आला होता. पण हे अंगणात होते, आणि त्याला फाटकातून येताना बघून हे सरळ पाण्याच्या टाकीवर चढले. शिडीवरून एक चप्पल खाली पडली. मी भाकरी घेऊन बाहेर आले, सिकंदर खायला लागला, मी वेसणीचा दोर धरला. तेवढ्यात आत दूध उतू जायचा वास आला. मी ह्यांना खाली बोलावलं, दोर ह्यांच्या हातात दिला आणि आत पळाले. कामगार आले तेव्हा मी चुलीपाशी होते.

"आय," मी म्हटलं. आवाज माझ्याच कानाला मोठा वाटला. "आय कॉट द बुल. आय गेव्ह हिम भाकरी. माय हजबंड वॉज ऑन द वॉटर टँक. ही वॉज अफ्रेड."

कारेनबाई हसायला लागल्या.

कुंभोजकर साहेबांच्या हिशेबात असं वाक्य असणंच शक्य नव्हतं, तेव्हा ऐकण्यात काही चुकलं असेल असं समजून त्यांनी ते दुरुस्त केलं. माइक जवळ घेऊन ते म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, वळू मी धरतो. मिसेसना त्यांनी आधीच पाण्याच्या टाकीवर चढवलं होतं. त्या फार घाबरल्या होत्या."

मांडव हसला. पुढच्या बायका माझ्याकडं बघून, साहजिक आहे बाई, अशा माना हलवायला लागल्या. स्टेजवर कारेनबाई ह्यांच्याकडं बघून हसत होत्या, खाली सगळा गाव माझ्याकडं बघून हसत होता, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण एकाच गोष्टीला हसतोय.

मला पुढचं इंग्रजी सुचेना. मराठीही सुचेना. मी कागद घडी करायला लागले.

तेव्हा हे उठले. धोतराचा सोगा सावरतात तसा पँटीला हात लावत स्टेजवर आले आणि साहेबांच्या हातून माइक घेतला.

"भाषांतर चुकलंय," हे म्हणाले. "आय म्हणजे डॉक्टर नव्हे. जी बोलते तिला आय म्हणतात. वळू आमच्या मिसेसनी धरला. टाकीवर मी होतो. घाबरलो होतो तोही मीच."

‘मी’ हा शब्द मी ह्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला असेल तर मला आठवत नाही. मागं एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हनत्यात?" शेजारी म्हणाला, "काय तरी इंग्रजीचं चाललंय."

कारेनबाईंना आता काय चाललंय ते कळेना. हे त्यांच्याकडं वळले आणि तेच सगळं इंग्रजीतून सांगितलं. बाईंनी विचारलं, तुम्ही जनावरांचे डॉक्टर असून टाकीवर का चढलात. हे म्हणाले, "मॅडम, आय नो बुल्स. दॅट इज व्हाय."

उजगरे मिस तेवढ्या हसल्या. बाकी कुणालाच हसावं का नाही ते ठरवता येईना.

डेन्मार्कला धाकटे डॉक्टर गेले. कुंभोजकर साहेब महिनाभर ह्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. परदेशी पाहुण्यांपुढं संघाची अब्रू घालवली असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर ते खरंही होतं. कानटोपी ह्यांनी धाकट्या डॉक्टरांना देऊन टाकली.

त्या दिवशी मांडवातून घरी येताना, कॉलनीच्या फाटकाशी मी म्हटलं, "तुमचं डेन्मार्क गेलं."

"गेलं."

"रागावलात?"

हे म्हणाले, "ही वॉज अफ्रेड. वाक्य बरोबर होतं तुझं."

गोष्ट इथं संपली असती. पण आठवडाभरात गावाबाहेरच्या मळ्यातला बापू चौगुला भल्या सकाळी दारात आला. हे दाढी करत होते.

"डॉक्टर आहेत. बोलावू?" मी म्हटलं.

"डॉक्टर नकोत," बापू म्हणाला. "तुमीच चला, वैनी. म्हस दावं तोडून उसात शिरलीया. कुनाला जवळ यीऊ देईना."

मी त्याला समजावलं की मला म्हशीतलं काही कळत नाही. बापू ऐकेना. एवढा सिकंदर धरला तिथं म्हैस ती काय, असं त्याचं म्हणणं. शेवटी मी भाकरी घेऊन निघाले, आणि हे अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मागनं निघाले.

म्हशीला भाकरीत रस नव्हता. तिनं एकदा हुंगली, मग मान अशी फिरवली की मी पाटात जाऊन बसले, कमरेपर्यंत चिखलात. मी उठायला धडपडत होते तोवर हे उसात शिरले. काय केलं ते मला नीट दिसलं नाही, पाचटाची सळसळ तेवढी ऐकू आली. मग हे म्हशीला शिंगाशी दोर बांधून शांतपणे घेऊन बाहेर आले. तिच्या पाठीवर थोपटत, तिच्याशी काहीतरी बोलत. साबण वाळून गेला होता. बापू तेव्हा मला ओढून काढत होता, त्याची पाठ उसाकडं होती.

दोन दिवसांत सगळीकडं झालं की डॉक्टरीणबाईंनी म्हैस धरली. चिखलात लोळून धरली म्हणे.

मला ते सहन होईना. एकदा चुकीच्या माणसाचं नाव होण्यातून मी नुकतीच बाहेर आले होते. संध्याकाळी दूध घालायला लोक जमतात त्या वेळी मी डेअरीत गेले आणि सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, "म्हैस मी धरली नाही. मला तिनं पाटात ढकललं. धरली ती डॉक्टरांनी."

लोक एकमेकांकडं बघून हसले. बापू चौगुला म्हणाला, "बगा. नवऱ्याचं नाव व्हावं म्हणून बाई सोताकडं कमीपना घेतीया. अशी बाई मिळत न्हाई."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मला बसायला खुर्ची आणि गरम दूध दिलं.

घरी आले तेव्हा हे व्हरांड्यात बसले होते. मी सगळं सांगितलं, तावातावानं. ह्यांनी ऐकून घेतलं. अजिबात आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मला चहा दिला होता," हे म्हणाले.

"कुणी?"

"कामगारांनी. सिकंदरच्या दिवशी. तू आत दुधाकडं होतीस. मी त्यांना लगेच सांगितलं, मी टाकीवर होतो, वळू तिनं धरला म्हणून. ते हसले. डॉक्टर चेष्टा करतात म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुंभोजकरांना सांगितलं. ते म्हणाले, एवढा विनय बरा नव्हे." ह्यांनी पाण्याच्या टाकीकडं बघितलं. "मग तू निदान त्या ‘आम्ही’त असावीस म्हणून ‘आम्ही धरला’ म्हणायला लागलो. त्याच्यापेक्षा जास्त कुणी ऐकून घेत नव्हतं."

मी तिथंच पायरीवर बसले. माझ्या लुगड्याच्या काठावरचा पाटातल्या चिखलाचा डाग धुऊनही गेला नव्हता.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला काय सांगायचं," हे म्हणाले. "तू होतीस की तिथं."